विद्यार्थ्यांचे संशोधन आणि जालन्याची भट्टी

जालना शहरातून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागले, की औद्योगिक वसाहतीचे टप्पे सुरू होतात. भंगार वितळविणाऱ्या विजेच्या भट्ट्या, तिथून निघणारे बिलेट पुन्हा तापवून त्यांच्या सळया ओढणाऱ्या रोलिंग मिला, बियाण्यांची गोदामे, आणि या सर्वांच्या आडोशाला पत्र्याच्या खोल्यांतून राहणारा, पुष्कळसा बिहार-उत्तर प्रदेशाकडून आलेला कामगारवर्ग, असा हा मुलूख आहे. भट्टीतले वितळलेले पोलाद सुमारे सोळाशे अंश सेल्सिअसला असते, आणि मराठवाड्याच्या वैशाखात बाहेरचा पाराही चाळिशी ओलांडून बसलेला असतो. या दोन उष्णतांच्या मध्ये पाळीभर उभा राहणाऱ्या मनुष्याच्या हृदयाचे ठोके किती पडतात, घामावाटे त्याच्या अंगातील किती मीठ जाते, रात्रपाळी उरकून आल्यावर भर दुपारी पत्र्याखाली त्याला झोप किती लागते, आणि शेकडो कोसांवरील घराच्या काळजीने त्याचे मन कोणत्या अवस्थेत असते, हे सर्व प्रश्न आरोग्यशास्त्र, व्यायामविज्ञान आणि मानसशास्त्र या तीन विद्याशाखांच्या अधिकारकक्षेतले होत. या तीनही शाखांचे विद्यार्थी मराठवाड्यात दरवर्षी प्रकल्प, लघुप्रबंध व प्रबंध लिहितात. ते काय लिहितात, तसेच का लिहितात, आणि त्यांच्या महाविद्यालयापासून दोन-चार मैलांवर असलेल्या या वसाहतीचा त्या लेखनाशी कितपत संबंध येतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विद्यार्थ्याच्या हातून मोठे काही घडत नाही, ही समजूत आधी दूर केली पाहिजे, कारण इतिहास तिच्या विरुद्ध साक्ष देतो. पाउल लांगरहान्स याने १८६९ साली बर्लिनमध्ये आपला वैद्यकीय प्रबंध सादर केला तेव्हा तो अवघा २१ वर्षांचा होता, आणि स्वादुपिंडातील ज्या पेशीपुंजांचे त्याने त्यात वर्णन केले त्यांचे कार्य त्याला स्वतःला उमगले नसले, तरी पुढे मधुमेहाचे सर्व शास्त्र त्यांच्याच भोवती उभे राहिले. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरोंटोत बँटिंगच्या हाताखाली काम करून इन्शुलिन हाती आणणारा चार्ल्स बेस्ट नुकताच पदवी घेऊन बाहेर पडला होता. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील जे मॅक्लीन हा तर वैद्यकाच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. त्याचे गुरू हॉवेल यांनी त्याला रक्त गोठविणाऱ्या द्रव्याच्या मागे लावले असता त्याला नेमके उलटे, रक्त गोठू न देणारे द्रव्य आढळले, आणि अपेक्षेविरुद्ध आलेले हे निरीक्षण त्याने दडपून न टाकता १९१६ साली नोंदविले म्हणून हेपॅरिनचा मार्ग खुला झाला. विद्यार्थिदशेतील संशोधकाला लागणारा गुण कोणता, असे मला कोणी विचारले, तर मी बुद्धिमत्तेच्या आधी या प्रामाणिकपणाचे नाव घेईन.

मराठी वाचकाला अधिक जवळची उदाहरणे दोन. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून पदवी घेतली, तेव्हा प्रबंधासाठी निवडलेला विषय हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्र हा होता. चौदाव्या वर्षी झालेले मूल थोड्याच दिवसांत गमावलेल्या या तरुणीने, सातासमुद्रापलीकडे परक्या गुरूंच्या पुढे बसून, आपल्याच घरातील बाळंतिणीच्या खोलीचा विषय अभ्यासास घ्यावा, या निवडीत तिच्या सर्व शिक्षणाचे प्रयोजन उमटले आहे. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांनी १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला, आणि केवळ स्त्री म्हणून संचालक रामन यांनी तो प्रथम नाकारला. नंतर अटींवर दिलेल्या त्या प्रवेशात त्यांनी श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध आणि डाळी यांतील प्रथिनांवर काम केले. केंब्रिजला त्यांनी सादर केलेला पीएच.डी.चा प्रबंध सुमारे ४० पानांचा होता, ही गोष्ट आमच्याकडील तीनशे-चारशे पानी, सोनेरी अक्षरांच्या काळ्या बांधणीतल्या ग्रंथांचा भार वाहणाऱ्या ग्रंथपालांनी अवश्य ध्यानात ठेवावी. पुढे मुंबईत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्याचा अभ्यास केला तोही याच वृत्तीने: गरिबाच्या ताटात आणि पेल्यात काय आहे, हे प्रयोगशाळेत नेऊन पाहावे.

मात्र या कथा विद्यार्थ्यांपुढे स्फूर्तीसाठी सांगताना त्यांतील एक अंग हटकून सुटते. हॉवेल यांचा रक्तगोठणाचा प्रश्न मॅक्लीन येण्यापूर्वीपासून चालू होता आणि तो गेल्यावरही चालू राहिला; विद्यार्थी येऊन जाऊन असतात, प्रश्न त्या विभागात मुक्कामाला असतो. आमच्याकडे याच्या उलट घडते. विभाग कायम असतो, मार्गदर्शकही पंधरा-वीस वर्षे त्याच खुर्चीवर असतात; प्रश्न मात्र दर जूनला नवा येतो आणि पुढच्या मे महिन्यात बांधणी होऊन कपाटात जातो.

व्यवस्था नाही म्हणून असे होते, असे म्हणण्यास आता जागा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७९ पासून वैद्यकाच्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांची अल्पकालीन संशोधन-विद्यार्थिवृत्ती चालविली आहे. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले, आणि पदव्युत्तर वैद्यकाला प्रबंधाची सक्ती आहे. राज्यपालांच्या कार्यालयाच्या पुढाकाराने २००६ पासून भरणारे ‘आविष्कार’ संमेलन जिल्ह्यापासून राज्यापर्यंतच्या पायऱ्यांनी विद्यार्थ्यांचे संशोधन फलकांवर मांडते. पाच मिनिटांत परीक्षकाला पटवावे लागत असल्यामुळे तिथे शोधापेक्षा मांडणीला बक्षीस जाण्याचा धोका असतो, पण खेड्यातल्या मुलामुलींना आपले काम परक्या गावी उभे राहून सांगण्याची सवय त्याने लावली, हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीने तर पदवीच्या विद्यार्थ्यालाही क्षेत्रप्रकल्प, प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण आणि चौथ्या वर्षी संशोधन-प्रकल्प यांच्या चौकटीत आणून बसविले आहे. त्यातच २०२४ साली जालन्याला शंभर विद्यार्थ्यांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ज्या जिल्ह्याची निर्मितीच १ मे १९८१ ची, त्याच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे. पूर्वी जालन्याच्या मुलाला डॉक्टर व्हायचे तर १९५६ च्या औरंगाबादच्या किंवा नंतर निघालेल्या अंबाजोगाईच्या महाविद्यालयाची वाट धरावी लागे. माणसे, मंजुऱ्या आणि गुणपत्रिकेतील रकाना, तिन्ही आता हजर आहेत.

तिन्ही शाखांपैकी व्यायामविज्ञानाचा विचार मी अधिक विस्ताराने करणार आहे, कारण जालन्याच्या वसाहतीशी तिचे नाते सर्वांत निकटचे आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. महाराष्ट्रात या विद्येची परंपरा जुनी. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. त्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. स्वामी कुवलयानंद यांनी तर त्याहून पुढचे पाऊल टाकले: उड्डियान आणि नौली या योगक्रिया करताना शरीराच्या आत काय घडते, हे त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या आणि दाबमापकाच्या साहाय्याने पाहिले, आणि १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले. परंपरेने चालत आलेल्या क्रियेसमोर मोजमापाचे यंत्र ठेवण्याचे हे धैर्य शंभर वर्षांपूर्वीचे आहे. त्याच्याशी तुलना करता शारीरिक शिक्षणातील आजचे पुष्कळसे प्रबंध फार भिडस्त वाटतात. ‘शोधगंगा’ या प्रबंधसंग्रहात कोणीही डोकावून पाहावे. खेळाडू व अखेळाडू विद्यार्थी, कबड्डीपटू व खो-खोपटू, ग्रामीण व शहरी खेळाडू, यांची चिंता, समायोजन, आत्मविश्वास वा शारीरिक क्षमता यांबाबत तुलना, आणि शेवटी ०.०५ पातळीवर सार्थक फरक आढळला वा आढळला नाही असा निकाल, हा साचा इतका रूढ झाला आहे, की मुखपृष्ठ वाचताच शेवटचे प्रकरण सांगता यावे.

या प्रबंधांतून नेहमी भेटणारी एक कसोटी म्हणजे हार्वर्ड पायरी-चाचणी. १९४३ साली ब्रूहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती हार्वर्डच्या तरुणांसाठी सिद्ध केली: २० इंच उंचीच्या बाकावर मिनिटाला ३० वेळा, पाच मिनिटे चढ-उतार करावयाची आणि नंतर नाडी मोजावयाची. बुटक्या बांध्याच्या तरुणाला तो बाक मांडीच्या जोराने चढावा लागतो आणि श्वास पुरण्याआधी पाय थकतात, म्हणून भारतात अनेकांनी बाकाची उंची कमी केली. पण कोणी किती केली याचा मेळ नसल्यामुळे एका प्रबंधातील आकडे दुसऱ्याशी जुळत नाहीत. चाचणी घेतली जाते, ती जिथे जन्मली त्या प्रयोगशाळेचा उद्देश मात्र कोणी घेत नाही. हार्वर्डची ती श्रम-प्रयोगशाळा १९२७ साली निघाली ती व्यापारशास्त्राच्या विद्यालयात, आणि तिच्या संशोधकांनी बोल्डर धरणाच्या बांधकामावरील व ओहायोतील यंग्जटाउनच्या पोलाद कारखान्यांतील मजुरांचा अभ्यास केला. भट्टीपुढे काम करणाऱ्यांच्या स्नायूंत येणारे असह्य गोळे नुसते पाणी पिऊन थांबत नाहीत, घामावाटे गेलेले मीठ परत द्यावे लागते, हे ज्ञान दृढ करण्यात त्या कामाचा मोठा वाटा आहे. पोलादाच्या गावातील आमच्या महाविद्यालयांनी तिथून आणला तो बाक. भट्टीचा प्रश्न तिथेच राहून गेला.

श्रम आणि व्यायाम यांच्या संबंधाचा प्रश्न तर आता जगभर नव्याने खुला झाला आहे. १९५३ साली जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना करून दाखविले, की दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांपेक्षा बैठ्या चालकांत हृद्रोग अधिक. ‘हालचाल हितकारक’ या आधुनिक सिद्धांताचा एक पाया तो. परंतु अलीकडे डेन्मार्कच्या होल्टरमान प्रभृतींनी असे मांडले आहे, की फावल्या वेळी स्वेच्छेने केलेली हालचाल हृदयाला उपकारक असली तरी पोटासाठी, विसाव्याविना, ओझे उचलत केलेली हालचाल तशी असेलच असे नाही. तिने कित्येकदा अपायच होतो. हा विरोधाभास तपासण्यास जालन्याइतके योग्य गाव शोधून सापडणार नाही. लालबुंद सळई चिमट्याने पकडून फिरविणारा कामगार दररोज जेवढी हालचाल करतो तेवढी जिल्ह्याच्या संघातील धावपटूही करीत नसेल. तरी ‘शारीरिक क्षमता’ या विषयावर प्रबंध लिहिणाऱ्याला तो आठवत नाही, कारण तो गणवेशात मैदानावर उभा नसतो. त्याला मोजण्यासाठी लागणारी साधनेही अवाढव्य नाहीत. ओल्या व कोरड्या फुग्याचे तापमापक आणि काळा गोलक यांच्या वाचनांवरून उष्णतेचा जो एकत्रित निर्देशांक काढतात, तो १९५७ साली यॅग्लू व मिनार्ड यांनी अमेरिकन लष्करी प्रशिक्षणतळांसाठी मांडला. पाळीपूर्वी व पाळीनंतर वजन घेतले की घामाचा अंदाज येतो. नाडी मनगटावर हात ठेवून मोजता येते. आणि स्वीडिश मानसशास्त्रज्ञ बोर्ग यांच्या ६ ते २० च्या मापावर श्रम किती जाणवतात, हे कामगार स्वतःच सांगू शकतो. ज्याला मोजमापाचे शिक्षण मिळाले आहे त्याला यापलीकडे फारसे काही नको.

शेतीच्या बाजूने पाहता एक समाधानाची नोंद करावी लागेल. परभणीच्या कृषी विद्यापीठातील गृहविज्ञानाच्या शाखेत शेतकरी स्त्रियांच्या श्रमाचा, वाकून व ओणवे राहून करावयाच्या कामांचा आणि ते हलके करणाऱ्या अवजारांचा अभ्यास पुष्कळ काळ चालू आहे. विद्यार्थिनी बांधावर जाऊन नाडी मोजतात आणि पाठीचा कोन पाहतात. एका शाखेला हे जमले तर दुसरीला का जमू नये?

आरोग्यशास्त्राकडे वळताना १७०० साली व्यवसायजन्य रोगांवर ग्रंथ लिहिणाऱ्या रामात्सिनीचा जुना उपदेश सांगावासा वाटतो, की वैद्याने रोग्याला त्याचा धंदा कोणता हे अवश्य विचारावे. सरकारी रुग्णालयाच्या केसपेपरवर वय आणि पत्ता असतो. धंद्याची जागा असलीच तर ‘मजूर’ या एका शब्दाने भरलेली असते. तो मजूर भट्टीवरचा, की भंगार निवडणारा, की कापूस वेचणारा, हे ठाऊक असल्याशिवाय त्याच्या खोकल्याचा किंवा मूत्रपिंडाच्या तक्रारीचा अर्थ लागत नाही. अहमदाबादची राष्ट्रीय व्यवसाय-आरोग्य संस्था १९६६ पासून या क्षेत्रात आहे. परंतु एक संस्था सर्व देशाला पुरणार नाही, आणि तिने पुरावे अशी अपेक्षा करून स्वस्थ बसणेही योग्य नाही.

स्थानिक निरीक्षणाने जगाचे पाठ्यपुस्तक बदलता येते, याचा दाखला खुद्द जालन्याच्या मातीने दिला आहे. भोकरदन तालुक्यातील देहेड या गावी १९५१ साली जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, मरत होती, आणि ती नेमकी कशाने मरतात हे वैद्यकाला नीटसे ठाऊक नव्हते. बावस्करांनी दंश झालेल्या रोग्याशेजारी रात्र-रात्र बसून नाडी, रक्तदाब, घाम आणि हातापायांचा थंडावा यांच्या नोंदी ठेवल्या. मृत्यू हृदय व फुफ्फुस निकामी झाल्याने येतो हे ओळखले. मध्यंतरी पुण्याला जाऊन एम.डी. झाले आणि मोठ्या शहरात न थांबता महाडलाच परतून त्यांनी प्राझोसिन हे औषध वापरण्यास आरंभ केला. त्यांचे निष्कर्ष १९८० च्या दशकात ‘लॅन्सेट’मध्ये आले, आणि दंशाचे जे मृत्युप्रमाण सुमारे ४० टक्के होते ते एक टक्क्याच्या आसपास उतरले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, हे ठीकच झाले. पण जालन्याच्या नव्या वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्याने त्यांच्याकडून घ्यावयाची गोष्ट पदवी वा पदक ही नव्हे. आपल्या दारात जे मरण येते त्याचीच नोंदवही उघडावी, हा त्यांचा परिपाठ घ्यावा.

उसन्या मापांचा धोका या शाखेतही आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपले व आपले ब्रिटिश सहकारी युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले, दोघांचाही देहभार-निर्देशांक २२.३, पण शरीरातील मेद एकाचा ९.१ टक्के आणि भारतीयाचा २१.२ टक्के. दिसण्यात कृश, आतून मेदयुक्त अशा भारतीय देहाची ही साक्ष पुढे आल्यावरही, वजन भागिले उंचीचा वर्ग एवढ्यावर थांबून परदेशी तक्त्यातील २५ च्या रेषेने विद्यार्थ्यांना ‘निरोगी’ व ‘स्थूल’ अशा दोन रकान्यांत घालणारे प्रकल्प निघतच राहतात.

मानसशास्त्राची कथा यापेक्षा नाजूक आहे, कारण तिथे मोजण्याचे साधनच भाषा असते. भारतात या विषयाचा पहिला स्वतंत्र विभाग कलकत्ता विद्यापीठात १९१६ च्या सुमारास निघाला आणि तो उभारणारे नरेंद्रनाथ सेनगुप्त हार्वर्डला शिकून आलेले होते. तेव्हापासून चाचण्या आयात करण्याची जी वहिवाट पडली ती आजतागायत मोडलेली नाही. आग्र्याच्या प्रकाशकांकडून प्रश्नावल्यांचे गठ्ठे मागवावेत, आपल्याच महाविद्यालयातील शंभर मुले व शंभर मुली यांच्याकडून एका तासात भरून घ्याव्यात, हा शिरस्ता. परंतु हा दोष एकट्या मराठवाड्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. २०१० साली हेन्रिक, हाइने व नोरेन्झायन यांनी दाखवून दिले, की जगाच्या मनाविषयीचे म्हणून जे मानसशास्त्र शिकविले जाते ते मुख्यतः पाश्चात्त्य, सुशिक्षित, सधन समाजातील माणसांवर उभे आहे. एका प्रमुख अमेरिकन नियतकालिकातील त्या देशाच्या अभ्यासांपैकी दोनतृतीयांश तर केवळ मानसशास्त्राच्या पदवी-विद्यार्थ्यांवर केलेले होते. २०१५ साली शंभर प्रसिद्ध प्रयोग पुन्हा करून पाहिले गेले तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत सार्थक निकाल परत मिळाला. मोठ्या विद्यापीठांची ही अवस्था पाहता आमच्या विद्यार्थ्याने खजील होण्याचे कारण नाही. एखादा प्रसिद्ध अभ्यास जालन्यात जसाच्या तसा पुन्हा करून पाहणे, हेही आता मानाचे काम ठरले आहे, एवढे मात्र त्याने जाणावे.

कारखान्यातील मनाचा अभ्यास आपल्या देशाला अपरिचित आहे, असेही नाही. अहमदाबादच्या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेत, ‘अटिरा’मध्ये, कमला चौधरी यांनी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच वर्षांत गिरणीतील मानवी संबंधांचा विभाग चालविला, आणि १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित मागांवरील कामगारांचे लहान गट करून पाहिले. सत्तर वर्षांनंतर जालन्याच्या रोलिंग मिलमधील रात्रपाळीवाल्याची झोप, त्याचे व्यसन, अपघातानंतर टिकून राहणारी धास्ती, हे विषय कोणीतरी घ्यावेत अशी अपेक्षा अवाजवी नाही; रात्रपाळीला तर कर्करोग-संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००७ पासून संभाव्य कर्ककारक गटात घातले आहे. अडचण आहे ती भाषेची. भोजपुरी वा मगही बोलणाऱ्या मनुष्यापुढे इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून हिंदीत आणलेली प्रश्नावली ठेवली, तर तो सौजन्याने प्रत्येक ठिकाणी ‘हो’ म्हणेल. जालन्याच्या शेतकऱ्याचेही तेच: त्याला ‘अवसाद’ होत नाही, त्याचा जीव लागत नाही, डोक्यात भुंगा फिरतो, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. या बोलींचा नीट संग्रह करून त्यावरून प्रश्न बांधणे हे काम एकट्या विद्यार्थ्याचे नसले, तरी विद्यार्थ्यांवाचून होणारेही नाही, कारण वस्तीत तास-दोन तास बसून बोलण्याची सवड त्यांनाच असते. २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणासाठी निवडलेल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे या पोकळीची व्याप्ती ध्यानात येते.

येथे एक इशारा द्यावयास हवा. पेरूतील दानिएल कारिओन या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १८८५ साली तेथील गाठींच्या रोगाचा द्रव स्वतःच्या अंगात टोचून घेतला, तो रोग आणि प्राणघातक ताप ही एकाच व्याधीची दोन रूपे आहेत हे स्वतःच्या देहावर सिद्ध केले, आणि ५ ऑक्टोबरला प्राण सोडला. पेरू आजही त्याला वीर मानतो. परंतु संशोधकाने स्वतःवर घेतलेली जोखीम ही एक गोष्ट, आणि दुसऱ्यावर टाकलेली जोखीम ही सर्वस्वी निराळी. औद्योगिक वसाहतीत शिरायचे तर कारखानदाराची परवानगी लागते, आणि कामगारापर्यंत पोचायचे तर बहुधा ठेकेदार वा मुकादम यांच्यामार्फत. मुकादम शेजारी उभा असताना घेतलेली संमती ही संमती नव्हे. आजारी आढळला म्हणून कामावरून काढला गेला, तर विद्यार्थ्याला पदवी मिळेल आणि कामगाराची भाकरी जाईल. म्हणून विचारपूस फाटकाच्या आत न करता वस्तीवर करावी, नाव न लिहिता करावी, आणि आजार आढळला तर त्याची पुढची वाट आधी ठरवून ठेवावी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे हेच सांगतात. आमच्याकडे नीती-समितीचा दाखला हा प्रबंधाला जोडावयाचा एक कागद समजला जातो, ही खेदाची बाब होय.

कारखानदारांबद्दलही दोन शब्द न्यायाने लिहिले पाहिजेत. आपल्या मिलमध्ये कोणी तापमापक घेऊन येतो म्हटल्यावर कारखाना-निरीक्षकाचे भूत डोळ्यांपुढे उभे राहावे, हे स्वाभाविक आहे. पण भट्टीवर भोवळ येऊन पडलेला कामगार आणि त्यामुळे बिघडलेली पाळी यांचा हिशोब त्यांच्याइतका दुसऱ्या कोणाला ठाऊक नसतो. शिवाय संशोधनाशी त्यांचे वैर असण्याचेही कारण नाही. प्रबंधांतून विद्यार्थी ज्या टी-चाचणीने आपले गट तोलतो, ती १९०८ साली विल्यम गॉसेट यांनी प्रसिद्ध केली, आणि ते गृहस्थ डब्लिनच्या गिनेस या मद्याच्या कारखान्यात नोकरीस होते. थोड्याच नमुन्यांवरून भरवशाचा निष्कर्ष कसा काढावा, हा प्रश्न त्यांना कारखान्याने आणि बार्लीच्या शेतांनी घातला होता.

शेताचा विषय निघाला म्हणून सांगतो, की या बाबतीत जालन्याने बाहेर पाहण्याचेही कारण नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको ही बियाण्यांची कंपनी स्थापिली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. या गावातील प्रत्येक बियाणेवाल्याला ठाऊक आहे, की नवे वाण एका हंगामात एका वावरात चांगले आले म्हणून बाजारात आणता येत नाही. तेच वाण वेगवेगळ्या जमिनींत, निदान तीन हंगाम, तुलनेचे जुने वाण शेजारी ठेवून लावावे लागते. विद्यार्थ्याचे संशोधन आपण एका हंगामात पेरतो, त्याच हंगामात कापतो आणि दुसऱ्या वर्षी वावरच बदलतो.

यावर माझी तजवीज साधी आहे. जालना आणि आसपासच्या महाविद्यालयांनी दरवर्षी नवे विषय काढण्याचे दहा वर्षे थांबवावे. वैद्यकीय, शारीरिक शिक्षण आणि मानसशास्त्र या विभागांनी एकत्र बसून वसाहतीतील दोन-तीन वस्त्या आणि आळीपाळीने काही मिला ठरवाव्यात, आणि प्रत्येक वर्षीच्या तुकडीने त्याच ठिकाणी, तोच निर्देशांक, त्याच पद्धतीने मोजावा: मे महिन्यातील उष्णता, पाळीपूर्व व पाळीनंतरची नाडी आणि वजन, कानांची चाचणी, झोपेचे तास, आणि मनाच्या अवस्थेविषयी थोडे पण पारखून घेतलेले प्रश्न. ध्वनीची मर्यादा कारखाना-नियमांनी आठ तासांसाठी ९० डेसिबल ठरविली आहे. रोलिंग मिलजवळ ती पाळली जाते की नाही हे एका वर्षाच्या वाचनाने सिद्ध होणार नाही, दहा वर्षांच्या वाचनांना मात्र कोणी नाकारू शकणार नाही. प्रत्येक विद्यार्थ्याचा प्रबंध त्यामुळे तोकडा होईल, चाळीस पानांचाही होईल, आणि त्याला त्याबद्दल कमी गुण देऊ नयेत. निष्कर्षांचे एक पान मराठीत व एक हिंदीत छापून वस्तीवर, दवाखान्यात आणि कारखान्याच्या सूचनाफलकावर लावावे. ज्याचे अंग मोजले त्याला ते किती भरले हे कळण्याचा हक्क पहिला आहे.

अशा कामाने पदोन्नतीचे गुणांक फारसे वाढत नाहीत, हे मला ठाऊक आहे, आणि विभागप्रमुखांपुढील अडचणीही मी हलक्या लेखत नाही. तरीही त्यांना विनंती आहे, की येत्या जूनमध्ये विषय ठरविण्याच्या बैठकीला जुन्या प्रबंधांची यादी बाजूला ठेवून, वसाहतीचा नकाशा आणि एक कोरी नोंदवही घेऊन बसावे, आणि त्या वहीवर विद्यार्थ्याचे नाव न घालता विभागाचे घालावे.